स्टॅम्प पेपरवरची फारकत आणि मुलांचा हक्क

विहारात किंवा कुणाच्या घरी बैठक बसते. दोन्हीकडची माणसे बोलतात आणि शेवटी स्टॅम्प पेपरवर लिहिले जाते : दोघे राजीखुशीने वेगळे होत आहेत, मुले आईकडे राहतील, आई पोटगी मागणार नाही. नोटरीचा शिक्का बसतो. समाजात याला फारकत म्हणतात, पण न्यायालय याला घटस्फोट मानत नाही.

बौद्धांच्या लग्नाला हिंदू विवाह कायदा, 1955 लागू आहे. त्याच्या कलम 2 मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे, पण तो होईपर्यंत हाच कायदा. रूढीने मिळणारा घटस्फोट कलम 29 ने राखला आहे खरा, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. 1956 साली जातीच्या रूढी सोडून आलेला समाज आता कोणती रूढी दाखवणार? त्यामुळे या कागदावर विसंबून केलेले दुसरे लग्न बेकायदा ठरू शकते. त्यातून झालेली मुले मात्र कलम 16 प्रमाणे औरसच.

खरे नुकसान होते ते मुलांचे. पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे. आईने सही करून तो सोडता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (1 जुलै 2024 पूर्वीचे कलम 125) आई मुलाच्या वतीने अर्ज करू शकते, तोही ती राहते त्याच ठिकाणी. लग्नाची नोंदणी नाही म्हणून अर्ज अडत नाही. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्ज लवकर करावा.

ताब्याचा अर्ज मूल नेहमी राहते तिथल्या कौटुंबिक न्यायालयात करायचा. ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. पाच वर्षांच्या आतले मूल सहसा आईकडे राहते. पण अखेर न्यायाधीश पाहतात ते मुलाचे हित, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्यालाही विचारतात. एकाने मूल उचलून गावी नेले की दुसऱ्याची माणसे परत उचलायला निघतात. कार्यकर्त्यांनी हे थांबवावे.

बैठक निरुपयोगी नाही. तिथे जे ठरले ते कलम 13-ब खालच्या परस्पर संमतीच्या अर्जात अटी म्हणून लिहावे. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पुढची सहा महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, मुले आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सोबत मुलाचा जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड, लग्नपत्रिका व फोटो न्यावेत, आणि तो स्टॅम्प पेपरही.