कोंवळ्या हातांतील पिस्तूल

मारुंजीहून चिंचवड फार दूर नाहीं. तेथील चापेकर बंधूंचें नांव निघतांच रँडचा वध आठवतो; आम्हांस मात्र धाकट्या वासुदेवाविषयीं लिहावयाचें आहे. विशींतही न पोंचलेला मुलगा पिस्तूल कां उचलतो?

२२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली तेव्हां प्लेगच्या झडत्यांचा संताप पुण्यांत धुमसत होता. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजीं फांशीं गेला. त्याची माहिती बक्षिसासाठीं देणाऱ्या द्रविड बंधूंस वासुदेव व महादेव रानडे यांनीं फेब्रुवारी १८९९ मध्यें रात्रीं घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. येथें झडत्यांचा राग मागें पडला होता. उरला होता तो भावाचा सूड. परंतु तो मोकळ्या जमिनींत उगवला नाहीं. दामोदरानें कैदेंत लिहिलेल्या आत्मवृत्तांत मुलांची टोळी, तिची कसरत, सैन्यांत शिरण्याची विफल धडपड, सारें सांपडतें.

१९९९ सालीं अमेरिकेंतील कोलंबाइन शाळेंत दोघां विद्यार्थ्यांनीं १२ सोबती व एक शिक्षक मारले. दोन्ही कृत्यें एका तागडींत घालणें आम्हांस मान्य नाहीं; वासुदेवाचा नेम ठरल्या माणसांवर होता, तेथें समोर येईल तो बळी. तरी जपलेली जखम आणि जिवलग साथीदार दोहोंकडे आहेत. तिकडील सरकारी पाहणीनें २००२ सालीं अशा ३७ घटना तपासल्या. बहुतेकींत बेत कोणास तरी आधींच ठाऊक होता. तो ‘कोणी’ बहुधा बरोबरीचाच मुलगा असे, आणि वडीलधाऱ्यांच्या कानीं तो क्वचितच घाली.