फक्त टपाल हशील

व्ही.पी. सोडवायला पोस्टात गेलेली पिढी अकोल्या-अमरावतीत अजून आहे. मासिकाच्या मागच्या पानावर जाहिरात असायची: नटाचा अर्धा चेहरा ओळखा, ट्रान्झिस्टर किंवा मनगटी घड्याळ फुकट मिळवा. चेहरा शेंबडं पोरही ओळखेल असा. काही दिवसांनी अभिनंदनाचं पत्र यायचं आणि मागोमाग पार्सल. बक्षीस फुकटच, भरायचं ते फक्त टपाल हशील आणि पॅकिंगचा खर्च. पैसे मोजल्याशिवाय पार्सल हाती पडत नसे, व्ही.पी.चा नियमच तो. घरी येऊन सुतळी कापली की आत कधी प्लास्टिकचा डबा, कधी विटेचा तुकडा.

आज मोबाईलवर 'प्रॉडक्ट टेस्टर पाहिजेत' असा जो निरोप येतो, त्याचं कूळ इथवर जातं. खरं तर त्याही मागे. व्ही.पी. आपल्याकडे १८७७ साली सुरू झाली आणि लबाडांनी ती लवकरच हेरली असावी, कारण १८९८च्या टपाल कायद्यातच त्यांचा बंदोबस्त होता. खरोखरीची मागणी आली म्हणूनच माल पाठवतो आहे, असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची आणि फसवणूक निघाल्यास वसूल झालेली रक्कम अडवून घेणाऱ्याला परत करण्याची तरतूद त्यात होती. आजच्या लिंकवाल्याला असलं काही लिहून द्यावं लागत नाही.

या घराण्याला एक प्रामाणिक शाखाही आहे. माल चाखायला द्यायचा, आवडला तर गिऱ्हाईक परत येतं, हा व्यापारातला जुना हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोका-कोलाने फुकट पेल्याची कुपनं वाटली ती याच हिशेबाने. वऱ्हाडात तर फुकट चाचणी शेतातच चालते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं सोयाबीनचं वाण घ्या. पीडीकेव्ही अंबा, म्हणजे एएमएस १००-३९, हे अमरावतीच्या संशोधन केंद्राचं. असं नवं वाण कृषी विज्ञान केंद्रं निवडक शेतकऱ्यांना प्रात्यक्षिकासाठी देतात. साधारण एक एकर नव्या वाणाला, शेजारी नेहमीच्या पद्धतीचं पीक. केंद्राची माणसं बांधावर येतात, शेंगा मोजतात, रोग-कीड पाहतात, काढणीनंतर दोन्हीकडचा उतारा लिहून नेतात. म्हणून 'वापरून पाहा आणि मत सांगा' हे इथल्या कानांना मुळीच खोटं वाटत नाही. 'फुकट भेटून राह्यलं, भरून पाय ना' म्हणणारा माणूस हावरट असतो, असं समजण्याचं कारण नाही. त्याने खरा व्यवहार पाहिलेला असतो.

मग पोस्टाची जागा व्हॉट्सअॅपने घेतली आणि बक्षिसाला निमित्त लागलं वाढदिवसाचं. इथे ठगांचं गणित कच्चं पडतं, ते पाहण्यासारखं आहे. २०१८ साली आदिदास आपल्या ९३व्या वर्धापनदिनानिमित्त ३,००० जोड बूट फुकट देत असल्याचा निरोप जगभर फिरला. कंपनी स्थापन झाली १९४९ साली! २०२१ साली अॅमेझॉनची 'तिशी' साजरी झाली, अॅमेझॉन १९९४ची. त्याच वर्षी टाटा समूहाच्या १५०व्या वर्षानिमित्त मोटार जिंकण्याचा निरोप आला. टाटांची सुरुवात १८६८ची, म्हणजे दीडशे वर्षं तीन वर्षांपूर्वीच उलटलेली. आपला त्याच्याशी काहीही संबंध नाही, असं टाटा समूहाला जाहीर करावं लागलं. आदिदासच्या खोट्या पत्त्यात आणखी एक कारागिरी होती: मधल्या 'आय'वर टिंबच नव्हतं, नुसती उभी रेघ. घाईत कोण पाहतो?

लिंक उघडली की चारपाच सोपे प्रश्न, मग बक्षिसाच्या पेट्या, आणि मग वीस जणांना पाठवा. ही अट 'हे पत्र अकरा जणांना लिहा' म्हणणाऱ्या देवाच्या पोस्टकार्डाकडून आली.

टेस्टरचं सोंग याच्या पुढचं. यात नशिबाची भाषा नाही, कामाची आहे. तुमची निवड झाली, फोन घरी येईल, महिनाभर वापरा, अभिप्राय द्या, फोन तुम्हालाच. फॉर्मच्या शेवटी डिलिव्हरीचे किरकोळ पैसे, म्हणजे तेच जुनं टपाल हशील. फरक एवढाच की व्ही.पी.त गेले ते तेवढेच जायचे. इथे कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपीही मागितला जातो. दुसरी वाट टेलिग्रामवर नेते. मालाला पसंती द्या, रेटिंग द्या, पैसे मिळवा. आधी थोडे पैसे खरंच खात्यात येतात, मग मोठ्या कामासाठी आगाऊ रक्कम मागतात. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या शिफारशीवरून असल्या कामांच्या शंभरहून अधिक वेबसाइट बंद करण्यात आल्या.

ओळखायचं कसं, तर चाचणी कशाची चालली आहे ते पाहावं. चाचणी घेणाऱ्याला निकाल हवा असतो. वाण कुठल्या जमिनीत पेरणार, आधी काय पीक होतं, हे केंद्राचा माणूस बियाणं देण्याआधी विचारतो. इथे तुम्ही आज कुठला फोन वापरता, कशासाठी वापरता, याची कुणाला फिकीर नसते. प्रश्न सगळे खात्याबद्दल. शिवाय पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपलेच जाणार.

पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नये. व्यवहाराचा क्रमांक आणि निरोपांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, काही पुसू नये, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ते गोठवता येतात.