ओळंबा आणि नकाशा

जालना शहराच्या पूर्वेस निजामुल्मुल्क असफजाह याच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये मस्तगड उभारला, आणि त्याच्याही पूर्वी जमशेदखानाने मोती तलाव बांधून त्याचे पाणी भूमिगत नळांतून सराईच्या हौदापर्यंत खेळविले. परंतु ही कामे ज्यांच्या हातून सिद्ध झाली ते गवंडी, पाथरवट व बेलदार कोणत्याही पाठशाळेत गेलेले नव्हते. मुलाने प्रथम घाणीवर चुना मळावा, मग वडिलांच्या हाताशी दगड द्यावा, आणि हात बसल्यावरच ओळंबा धरावा, असा त्या विद्येचा क्रम होता. ही विद्या घराण्याबाहेर सहसा जात नसे, हा तिचा दोष. पण जो भार सांगे तोच तो पेलणारी भिंतही रची, हा तिचा गुण आपण फार लवकर विसरलो.

इंग्रजी अंमलाला अशा माणसापेक्षा नक्षानवीस अधिक हवा होता. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लक्ष रुपयांतून मुंबईची कलाशाळा १८५७ मध्ये निघाली. तीत चित्रकला व नक्षीकाम यांना स्थान मिळाले, वास्तुविद्येचा मात्र स्वतंत्र विचार पुष्कळ काळ झाला नाही. तो झाला तो सरकारी बांधकामाच्या कचेऱ्यांना आरेखक पुरविण्याच्या निमित्ताने; सरकारी वास्तुविशारद जॉन बेग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यासाठी निघालेल्या वर्गांना वळण लावले आणि रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली त्यांचा पूर्ण अभ्यासक्रम झाला. कारकुनीच्या गरजेतून जन्मलेल्या या शिक्षणाला व्यवसायाची प्रतिष्ठा दिली ती, माझ्या मते, सरकारने नव्हे, विद्यार्थ्यांनीच. शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी १९१७ मध्ये आपली संघटना स्थापिली, जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९२९ मध्ये तिलाच भारतीय वास्तुविशारद संस्थेचे अखिल हिंदुस्थानी रूप आले. पुढे याच शाळेत क्लॉड बॅटली यांनी जुन्या देशी वास्तूंची मोजमापे व आरेखने हा अध्यापनाचा पायाच मानला. पाथरवटाच्या हातातील ज्ञान अशा रीतीने, उशिरा का होईना, कागदावर उतरू लागले.

जालन्याला हे सारे परमुलखातले होते, कारण १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. मुंबईचा वास्तुविभाग १९५८ मध्ये स्वतंत्र महाविद्यालय झाला, त्याच वर्षी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले, आणि जालना जिल्हा तर १९८१ मध्ये निर्माण झाला. त्यापूर्वीच, १९७२ च्या अधिनियमाने, ‘वास्तुविशारद’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींसाठी राखून ठेवली होती. शिक्षणाचा दर्जा ठरविण्याची व्यवस्था त्यात सविस्तर आहे. गवंड्याच्या शिक्षणाविषयी मात्र अवाक्षर नाही.