मद्यार्क आणि मेंदूतील अमिनो आम्लांचे चयापचय : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दीर्घकाळ मद्यपान करणारी व्यक्ती अचानक मद्य सोडते, तेव्हा तिला कंप, घाम, निद्रानाश, भास आणि काही वेळा झटके यांना तोंड द्यावे लागते. या अवस्थेकडे समाजाने बहुतेक काळ इच्छाशक्तीच्या दुबळेपणाचे लक्षण म्हणून पाहिले. वैद्यकशास्त्रालाही तिचे कारण दीर्घकाळ उमगले नव्हते. हे कारण मेंदूतील दोन अमिनो आम्लांच्या बिघडलेल्या समतोलात मोठ्या प्रमाणावर दडलेले आहे, हे ज्ञान विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने कसे आकारास आले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रोगाचे नामकरण आणि कारणाचा शोध

इंग्रज वैद्य थॉमस सटन यांनी १८१३ मध्ये या विकाराला ‘डिलीरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिले. त्या काळी मेंदूच्या दाहावर रक्तस्राव घडवून आणण्याचा उपचार रूढ होता. या विकारात तो अपायकारक ठरतो व अफूने मात्र आराम पडतो, असे सटन यांनी नोंदविले. निरीक्षण मोलाचे होते. परंतु विकाराचे मूळ मद्याच्या विषारी परिणामात आहे, मद्यप्याच्या कुपोषणात आहे, की मद्य बंद होण्यात आहे, हा वाद पुढे शतकाहून अधिक काळ चालू राहिला.

या वादाला निर्णायक कलाटणी १९५५ मध्ये मिळाली. अमेरिकेतील केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वी मॉर्फिनचे व्यसन असलेल्या १० पुरुषांना पुरेसा आहार व जीवनसत्त्वे देत मद्य पाजले. ज्यांनी ४८ ते ८७ दिवस सतत मद्य घेतले, त्यांच्यात मद्य थांबविताच कंप, घाम व उलट्या दिसून आल्या. काहींना झटके आले, काहींना भास व उन्माद झाला. पोषण उत्तम असूनही विकार उद्भवला, म्हणजे कारण मद्य बंद होण्यातच होते. मात्र बंदिवासातील व्यक्तीची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न या प्रयोगाच्या इतिहासाला कायमचा चिकटलेला आहे.

मेंदूतील अमिनो आम्लांची ओळख

इस्बेल यांनी काय घडते ते दाखविले; ते कसे घडते याचे उत्तर जीवरसायनशास्त्रात घडत होते. हान्स क्रेब्ज यांनी १९३५ मध्ये मेंदूच्या ऊतीत ग्लुटामिक आम्ल व अमोनिया यांपासून ग्लुटामिन तयार होते, असे दाखविले. १९५० मध्ये युजीन रॉबर्ट्‌स व सॅम फ्रँकेल यांनी, तसेच स्वतंत्रपणे जॉर्ज अवापारा यांच्या गटाने, मेंदूत गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल अर्थात गाबा आढळत असल्याचे जाहीर केले. त्याच दशकात जपानमध्ये ताकाशी हायाशी यांना प्राण्यांच्या मेंदूत ग्लुटामेट सोडल्यास झटके येतात असे आढळले. १९५९ मध्ये कर्टिस, फिलिस व वॉटकिन्स यांनी ग्लुटामेट मज्जारज्जूतील चेतापेशींना उद्दीपित करते, हे दाखवून दिले.

या संशोधनातून उभे राहिलेले चित्र थोडक्यात असे : चेतापेशीने सोडलेले ग्लुटामेट शेजारच्या तारकापेशी शोषून घेतात व अमोनियाच्या साहाय्याने त्याचे ग्लुटामिन करतात. हे ग्लुटामिन चेतापेशीकडे परतते आणि त्यापासून पुन्हा ग्लुटामेट बनते. काही पेशींत त्याच ग्लुटामेटपासून जीवनसत्त्व ब-६ वर अवलंबून असलेल्या विकराद्वारे गाबा तयार होते. मेंदूचे मुख्य उद्दीपक आणि मुख्य दमनकारी द्रव्य अशा रीतीने एकाच चयापचयाच्या साखळीत गुंफलेले आहे.

मद्यार्काचा परिणाम

मद्यार्काचा या साखळीशी संबंध जोडण्याचा एक आरंभीचा प्रयत्न रॉजर विल्यम्स यांच्या टेक्सासमधील गटाने केला. ग्लुटामिन दिलेल्या उंदरांचे ऐच्छिक मद्यप्राशन घटते, असे त्यांनी १९५५ मध्ये नोंदविले. मात्र व्यसनाच्या मान्यताप्राप्त उपचारांत ग्लुटामिनला स्थान मिळाले नाही. प्रश्न केवळ एखाद्या द्रव्याच्या उणिवेचा नव्हता.

१९८९ मध्ये डेव्हिड लव्हिंगर, जेफ्री व्हाइट व फॉरेस्ट वेट यांनी मद्यार्क ग्लुटामेटच्या ‘एनएमडीए’ संग्राहकांतून वाहणारा विद्युतप्रवाह रोखतो, हे सिद्ध केले. विविध अल्कोहोलांची नशा आणण्याची शक्ती आणि हा प्रवाह रोखण्याची शक्ती यांत सुसंगती असल्याचेही त्यांना आढळले. गाबाच्या दमनकारी क्रियेला मद्यार्क बळ देतो, असे पुरावे त्याच दशकात पुढे आले होते. सततच्या दमनाला मेंदू उलट दिशेने प्रत्युत्तर देतो. कॅथलीन ग्रँट व सहकाऱ्यांना १९९० मध्ये दीर्घकाळ मद्य दिलेल्या उंदरांच्या मेंदूत या संग्राहकांची वाढ आढळली. मद्य अचानक थांबले की दमन ओसरते, वाढलेले उद्दीपन मात्र मागे उरते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चुंबकीय अनुस्पंदनाधारित अभ्यासात मद्यत्यागाच्या काळात मनुष्य व उंदीर या दोहोंच्या मेंदूत ग्लुटामेट वाढल्याचे दिसून आले.

उपचारांवरील परिणाम

येथे उपचार अनेकदा सिद्धान्ताच्या पुढे चालले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५३७ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत क्लोरडायझेपॉक्साइडने झटके व उन्माद यांचे प्रमाण लक्षणीय घटविले. हे औषध गाबाच्या संग्राहकाद्वारे कार्य करते, हे नंतर कळले. टॉरिन या अमिनो आम्लाशी रचनेने जवळचे असलेले अकॅम्प्रोसेट फ्रान्समध्ये १९८९ मध्ये आणि अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाले. त्याचा उपयोग मद्यत्याग टिकविण्यासाठी होतो.

समारोप

सटन यांच्या निरीक्षणापासून संग्राहकांच्या अभ्यासापर्यंतचा हा प्रवास सुमारे पावणेदोनशे वर्षांचा आहे. दीर्घकाळ व अतिप्रमाणात मद्यपान करणाऱ्यास ‘आजपासून सोड’ असे सांगणे सदिच्छेचे असले, तरी वैद्यकीय देखरेखीविना ते प्राणघातक ठरू शकते. मद्याशी जुळवून घेतलेला मेंदू निश्चयाच्या एका क्षणात पूर्वस्थितीला येत नाही. निश्चय आवश्यक आहेच. त्याला उपचारांची जोड देणे हे कुटुंबाचे आणि समाजाचे कर्तव्य ठरते.