कुलकर्ण्याचा मायाविचार

जगास मिथ्या मानणारा पुरुष व्यवहारास पारखा असावयाचा, अशी समजूत रूढ आहे. पेडण्यालगतच्या बांदा गावचे श्रीसोहिरोबानाथ आंबिये (जन्म इ. स. १७१४) यांचे चरित्र ती खोटी ठरविते. ते कुलकर्णी होते. गावच्या जमिनीचा हिशेब हाच त्यांचा चरितार्थ. नाथपंथाचा उपदेश लाभल्यावर त्यांनी ती वृत्ती सोडिली आणि ‘अक्षयबोध’, ‘अद्वयानंद’ आदी ग्रंथ रचिले. त्यांच्याच हयातीत सावंतवाडीकरांच्या हातून डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. दप्तरातील धन्याचे नाव किती टिकते, हे कुलकर्ण्याहून अधिक कोणास ठाऊक? मिथ्या म्हणजे मुळीच नसलेले नव्हे. ज्ञान होताच न उरणारे. दोरीवर भासलेल्या सर्पाचे भय दिवा येईपर्यंत खरेच असते! पेडणे तालुक्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालय आज त्यांचेच नाव धारण करीत आहे.