फ्रेटसॉ, छंद आणि सोबतीचे शिक्षण : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कारागिरी आणि उद्योग यांचा इतिहास आपल्याकडे काही प्रमाणात लिहिला गेला आहे. छंदाच्या इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशी एक रूढ समजूत त्यामागे असावी. प्रस्तुत लेखात लाकडात नक्षी कापण्याच्या एका साध्या छंदाचा, म्हणजे फ्रेटवर्कचा, विचार करावयाचा आहे. हातकौशल्य समाजात कशामुळे टिकते, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा या लेखाचा हेतू होय.

या प्रश्नाचे मूळ एका वैयक्तिक अनुभवात आहे. प्रस्तुत लेखक जिल्ह्यातील ज्या शाळेत शिकला, तेथे कार्यानुभवाच्या कपाटात पाच-सहा फ्रेटसॉ होत्या. ते कपाट बहुधा तपासणीच्या दिवशीच उघडले जाई. एकदा करवत हाती मिळाली आणि पहिल्याच वळणावर पाते तुटले. दुसरे पाते नव्हते आणि पहिले का तुटले हे सांगणारेही कोणी नव्हते. पुढे काही वर्षांनी गणपतीचे मखर करताना गल्लीतील एका सुतारकाकांनी अर्ध्या मिनिटात सांगितले, "करवत वळवू नको बाबू, फळी वळव." जे अभ्यासक्रमाला साधले नाही, ते या एका वाक्याने साधले. असे का व्हावे?

साधन आणि छंदाचा उगम

फ्रेटसॉ ही नालाच्या आकाराच्या चौकटीत ताणून बसविलेली, अतिशय बारीक पात्याची करवत होय. नक्षीच्या आतील भाग कापावयाचा असल्यास प्रथम गिरमिटाने छिद्र पाडतात, पाते एका टोकाने सोडवून त्या छिद्रातून ओवतात, पुन्हा ताणून बसवितात आणि मग कापू लागतात. पात्याचे दात खाली असतात, करवत उभी राहते आणि वळणावर लाकूड फिरते. या कामात बळापेक्षा धीराला महत्त्व अधिक.

युरोपात बारीक करवतीचे हे तंत्र प्रथम लाकडी जडावकामात विकसित झाले. फ्रान्समधील आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी याने नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवर कापले आणि भूगोल शिकविण्याचे साधन म्हणून विकले. आजच्या जिगसॉ कोड्याचा तो पूर्वज होय. म्हणजे या तंत्राचा अध्यापनाशी संबंध जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालविण्याच्या छोट्या करवतयंत्रांमुळे हे काम इंग्लंड-अमेरिकेत घराघरांत पोहोचले. इंग्लंडमधील डेरेहम येथून १८९५ साली 'हॉबीज' हे साप्ताहिक सुरू झाले. त्यातून वाचकांना नक्षीचे नमुने मिळत. कापण्याचा नमुना हातोहात फिरू लागला आणि त्याभोवती अनोळखी माणसांचा एक समाज जमला. पुढे विजेवर चालणारी 'स्क्रोल सॉ' आली, तरी नमुना देणे, चूक दाखविणे आणि नवख्याला धीर देणे ही या समाजाची रीत कायम राहिली.

वऱ्हाडातील सुतार

आपल्याकडे लाकडातील जाळी नवी नव्हती. वाड्याच्या खिडक्या, देव्हाऱ्याची महिरप, पाळण्याच्या कडा यांतून ती दिसतेच. फरक होता तो ही विद्या कोणाकडे होती याचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आढळते, त्यात सुतार हा गावाला अपरिहार्य असलेला कारागीर आहे. वऱ्हाडातही वखर, तिफण, डवरा आणि बंडी यांवाचून शेती होत नसे आणि सुतारावाचून ही अवजारे होत नसत. पटाशी, वाकस, किकरे आणि रंधा यांची विद्या बापाकडून मुलाकडे जाई. तेथेही सोबतीचे शिक्षण होते. पण ती सोबत जातीच्या चौकटीत बंद होती. इतरांना या विद्येत प्रवेश नव्हता आणि सुताराला तिच्यातून सुटका नव्हती. मोबदला सुगीच्या धान्यात मिळे, नाव मात्र कोठे कोरले जात नसे.

विद्यामंदिर ते कार्यानुभव

ही चौकट मोडण्याचा मोठा वैचारिक प्रयत्न आपल्या शेजारी, वर्धा येथे झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या योजनेत सूतकताई-विणकाम, शेती यांबरोबर सुतारकामाचाही अंतर्भाव होता. बुलडाणा जिल्हा त्यावेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात समाविष्ट होता. त्याच प्रांतात पं. रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना पुढे आली. सुताराची विद्या प्रत्येक मुलाच्या हाती देण्याचा विचार हा सामाजिक दृष्ट्या क्रांतिकारक होता, यात शंका नाही.

तथापि या योजनेत एक अवघड अट होती. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, अशी अपेक्षा होती. प्रा. के. टी. शहा यांनी त्याच परिषदेत यावर आक्षेप घेतला. शाळेतील उत्पादन बाजारात आले तर व्यावसायिक कारागिरांशी अन्याय्य स्पर्धा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप आजही विचारार्ह वाटतो. शिवाय सुतारकामाला अवजारे व लाकूड लागते. टकळी स्वस्त असते. साहजिकच सूतकताई पुढे राहिली. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेचे राजकीय बळही ओसरले.

स्वातंत्र्योत्तर काळात कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' ही संज्ञा रूढ केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' अशी तिची पुनर्मांडणी केली. शाळेच्या कपाटातील फ्रेटसॉ या धोरणाची अपत्ये होत. विषय आला, तासिका आली, साहित्यही आले. पण चुकल्यावर सांगणारा माणूस आला नाही. गावात सुतार होता. तो शाळेत दार दुरुस्तीसाठी येई, शिकविण्यासाठी त्याला कोणी बोलावले नाही.

मखराची कार्यशाळा

ज्या काळात कपाटाला कुलूप होते, त्याच काळात ही विद्या दुसरीकडे जिवंत होती. गणेशोत्सवाआधीचे दोन-तीन आठवडे मंडळाच्या खोलीत किंवा एखाद्याच्या ओसरीवर पातळ प्लायवूडवर कागदी नमुना चिकटविला जाई. एकजण कापी, दुसरा कानशीने कडा घाशी, तिसरा रंग देई. गेल्या वर्षीचा नमुना दुसऱ्या गल्लीत जाई आणि थोडा बदलून परत येई. पाते तुटले तर हसणारे असत, पण दुसरे पाते देणारेही तेच असत. येथे गुण नव्हते, विक्रीही नव्हती. डेरेहमच्या साप्ताहिकाभोवती जमलेला समाज आणि ही ओसरी यांत देशकालाचे अंतर असले, तरी रीत एकच होती.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत थर्माकोलने प्लायवूडची जागा घेतली. तापलेल्या तारेने तो झटकन कापला जाई. धीराची गरज उरली नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातल्यानंतर पुठ्ठा आणि लाकूड यांकडे काही प्रमाणात पुन्हा वळावे लागले. तेव्हा लक्षात आले की साहित्य बाजारात मिळते, हात मात्र बाजारात मिळत नाही.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या या संस्थेत विद्यार्थी गावाला लागणारी कामे प्रत्यक्ष करून शिकतात. २००२ मध्ये तेथे 'फॅब लॅब' सुरू झाली. संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारी यंत्रे आणि जगभर वाटून घेतले जाणारे आराखडे हे अशा प्रयोगशाळांचे वैशिष्ट्य होय. साधन बदलले, तरी सोबतीने शिकण्याचे तत्त्व तेच आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, हातकौशल्य केवळ धोरणाने टिकत नाही आणि केवळ साधनांनीही टिकत नाही. ते चूक मोकळेपणाने दाखविता येईल अशा सोबतीत टिकते. बलुतेदारीत सोबत होती, पण मोकळीक नव्हती. कार्यानुभवात मोकळीक होती, पण सोबत नव्हती. छंदाने या दोन्ही गोष्टी काही काळ एकत्र आणल्या. मात्र छंदावरही एक ऋण आहे. ज्याच्या एका वाक्याने आम्हांस करवत धरता आली, त्याचा उल्लेख आमच्या कोणत्याही प्रमाणपत्रावर नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरविरहित दिवसांची आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे उमेदवारी करण्याची सूचना आहे. ही सूचना पुन्हा कुलूपबंद कपाट ठरू नये, यासाठी सुतारास मानधन देऊन, शिक्षक म्हणून सन्मानाने बोलावले पाहिजे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनीही जिल्ह्यातील सुतारांकडील व मंडळांकडील जुने कागदी नमुने, त्यांच्या कर्त्यांच्या नावांसह, संकलित करावेत. दरवर्षीच्या डकवण्या-कापण्यात हे नमुने नष्ट होत आहेत. कपाट उघडणे तुलनेने सोपे आहे. "फळी वळव" असे सांगणारी पिढी हयात आहे तोवरच ते उघडण्यात अर्थ आहे.