हार्ड डिस्कचा आवाज व कंपन

मेजावरच्या संगणकातील हार्ड डिस्क चालू असताना दोन प्रकारचा आवाज येतो : तबकड्या फिरण्याची अखंड गुणगुण आणि वाचन-लेखन करणारा बाहू झटक्याने जागा बदलतो त्याची कटकट. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचे मूळ कंपन १२० हर्ट्‌झ असते, ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कचे ९० हर्ट्‌झ. डिस्क मुळात फारशी मोठ्याने बोलत नाही. बोलते ती पेटी. स्क्रूंनी घट्ट आवळलेल्या डिस्कचे कंपन पातळ पत्र्यात उतरते आणि पत्रा रिकाम्या डब्यासारखा घुमतो. शेजारी दोन डिस्क असून त्यांच्या वेगात किंचित फरक असला, तर घुमणे लाटेसारखे चढत-उतरत राहते. ते अधिकच छळते.

म्हणून मुख्य उपाय म्हणजे डिस्क व पत्रा यांचा कठीण संपर्क तोडणे. मऊ रबरी वॉशर वापरतात किंवा डिस्क इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर टांगतात. डिस्क व आधार मिळून होणाऱ्या रचनेची नैसर्गिक कंप्रता डिस्कच्या कंप्रतेपेक्षा बरीच कमी हवी. कडक रबर त्यामुळे जवळजवळ निरुपयोगी ठरते. टांगलेल्या डिस्कची उष्णता पत्र्यात जात नाही, त्यामुळे हवा खेळती ठेवावी लागते. पेटी हलवण्यापूर्वी डिस्क बांधून घ्यावी. आवाज दाबण्यासाठी डिस्क स्पंजात गुंडाळणे मात्र घातकच, कारण उष्णता आतच कोंडते.

बॉल बेअरिंगऐवजी द्रव बेअरिंग आल्यावर गुणगुण पुष्कळ घटली. फिरते भाग नसलेल्या एसएसडीत हा प्रश्नच उद्भवत नाही.